पडताळणीचे पाहुणे

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे मावशी गेली काही वर्षं रोज पहाटेपासून जे करत होती त्याला 'अनौपचारिक दीर्घकालीन काळजीसेवा' म्हणतात, हे घरात सर्वांत आधी मला कळलं. मी मावशीला ते सांगितलं तेव्हा ती काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कुशीवर वळवून त्यांच्या पाठीला खोबरेल तेल चोळत होती. म्हणाली, "आसंल बाई. तू शिकलीयास. जरा तेवढी उशी सरकव."

मी करमाळा तालुक्यातल्या केमची. वडील हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. शाळेतल्या बाईंनी वह्या पुरवल्या, सोलापूरच्या वसतिगृहात जागा मिळाली, आणि परीक्षा जवळ आली की मावशी उजनीच्या काठावरच्या तिच्या गावातून केळ्यांची फणी पिशवीत घालून केमला यायची आणि तिथून रेल्वेनं सोलापूर गाठायची. वसतिगृहाच्या फाटकावर पिशवी माझ्या हातात द्यायची, तोंडावरून हात फिरवायची आणि परतीच्या गाडीला पळायची. तेव्हा काका धडधाकट होते. धरणाच्या पाण्यावर शेतीच्या पंपाच्या मोटारी बसवायची, उतरवायची कामं करायचे. माझा एम.ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या गल्लीपेक्षा मावशीच्या गावात पेढे जास्त वाटले गेले. या माणसांचे उपकार फेडणं माझ्या हातून होणार नाही, हे मी मनापासून लिहिते आहे. पुढचं जे तिरकं लिहीन ते त्यांच्या वाट्याचं नाही.

नोकरी लागली तीही माझ्या विषयातच. सोलापुरात चादरींच्या एका दुकानाच्या वर संशोधन प्रकल्पाचं कार्यालय होतं. जिल्ह्यातल्या घरांमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं कोण करतं आणि करणाऱ्यावर त्याचा किती भार पडतो, याचा अभ्यास करून धोरण सुचवायचं, असा तो प्रकल्प. खाली खरी चादर विकली जायची, वर आम्ही आकडे विणायचो. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम पुण्याहून यायच्या. स्वभावानं फार चांगल्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुझ्यासारख्या मुली म्हणजे आमचा जमिनीशी जोडलेला दुवा आहेत. मला आनंद झाला. दुव्याचा पगारही वेळेवर व्हायचा.

या अभ्यासाला एक शेपूट होतं आणि माझा सगळा जीव त्या शेपटात अडकला होता. ज्या गावांत काळजी घेणाऱ्यांवर सगळ्यांत जास्त भार दिसेल, त्यांना 'दिलासा सेवा' मिळणार होती. म्हणजे एक शिकलेली मदतनीस नेमानं घरी येणार, आजाऱ्याला उचलणार, आंघोळ घालणार, हातापायांचा व्यायाम करून घेणार, आणि घरातल्या बाईला तेवढी सुटका मिळणार.

मावशीला ती सुटका हवी होती डोळ्यांसाठी. काकांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलण्यातलं सगळं गेलं, फक्त 'व्हय' राहिलं. मुलगा चाकणला कंपनीत, रजेला पारखा. त्यात मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला, उजवा पार पिकला. करमाळ्याच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया करा, पण नंतर काही आठवडे वाकायचं नाही आणि जड उचलायचं नाही. मावशीच्या घरात सगळ्यांत जड वस्तू म्हणजे काका. मग तिनं शस्त्रक्रिया एकदा पुढं ढकलली, पुन्हा ढकलली. ती घरात हातानं चाचपत वावरायची. काकांची रक्तदाबाची गोळी आणि स्वतःची पित्ताची गोळी बोटांनी चोळून ओळखायची. एकदा तिनं त्यांची गोळी स्वतःच घेतली आणि उंबऱ्यातच चक्कर येऊन बसली. तेव्हापासून मला एकच घोर होता, की उद्या याच्या उलट झालं आणि काकांनाच चुकीचं काही दिलं गेलं, तर काय करायचं?

म्हणून आमचं पथक तिच्या गावाला जाणार हे ठरलं तेव्हा मी आधी मॅडमना खरं सांगितलं, की त्यातलं एक घर माझ्या मावशीचं आहे. त्या म्हणाल्या, "अरे वा, मग तर संबंध तयारच आहेत! पण नियमानुसार तू प्रश्न विचारायचे नाहीत. उत्तरं सुचवायची नाहीत. चेहऱ्यानंसुद्धा नाही."

मी मावशीला फोन केला. "मावशी, बुधवारी आमच्या मॅडम येतायत. काही करू नकोस. घर आहे तसं राहू दे. विचारतील ते खरं खरं सांग. तुला मदतनीस मिळाली तर डोळ्याचं काम होईल."

"व्हय व्हय," मावशी म्हणाली. "आहे तसंच ठिवती. शाकाहारी हायत का गं त्या?"

तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

बुधवारी आमची जीप गावात शिरली तर मावशीच्या दारात सडा आणि रांगोळी. आतला एरवीचा तेला-औषधांचा वास गेलेला, त्या जागी उदबत्ती आणि अत्तर. शेजारी एक मुसलमान कुटुंब राहतं. नवरा केळ्यांचा टेम्पो चालवतो, बायकोला सगळं गाव भाभी म्हणतं. या दोघांनी सकाळपासून मावशीच्या घराचा ताबा घेतला होता. काकांच्या खाटेवर भाभींच्या घरची लाल चादर, जी त्यांच्याकडेसुद्धा फक्त ईदेला निघायची. काका हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मुलाच्या लग्नातला शर्ट घालून, टेम्पोवाल्या भाऊंनी केलेली गुळगुळीत दाढी आणि कातरलेल्या मिशा मिरवत बसलेले. मेणकापड, लघवीचं भांडं, कुबडी, असली सगळी आजारपणाची निशाणी शेळीच्या गोठ्यात नेऊन लपवलेली. शेळीच काय ती त्या दिवशी रुग्णाच्या घरात असल्यासारखी दिसत होती.

मॅडमच्या सोबत एक सर होते. ते टॅबवर नोंदी करत. 'अंथरुणाची स्वच्छता' याच्यापुढं त्यांनी सर्वांत वरचा पर्याय दाबला. 'सहायक साधनांची गरज' याच्यापुढं लिहिलं, आढळली नाही.

"मावशी, काकांचं सगळं तुम्हीच करता ना?" मॅडमनी विचारलं.

"मी कुटं काय करती?" मावशी लाजून म्हणाली. "मी घरीच आसती की."

सरांनी 'काळजीसाठी दिलेला वेळ' हा रकाना मोकळा सोडला.

"पण उचलायला वगैरे कुणी लागत असेल?"

"समदी येत्यात की! ही भाभी हाय, हिचा मालक हाय."

भाभी दारातून म्हणाल्या, "आमी हाय की मॅडम. ह्ये घर दुसरं हाय का?" हे अगदी खरं होतं. त्या सकाळी त्या पहिल्यांदाच काकांच्या कामाला आत आल्या होत्या, एवढं फक्त कुणी विचारलं नाही. त्याआधी त्यांची हिंमत नव्हती असं नाही. मावशीच उंबऱ्यावरून हात जोडायची, "माजा नवरा, मी बगती," म्हणून. आणि दुसऱ्याच्या नवऱ्याला हात लावायला जाणं म्हणजे तुझ्याच्यानं होत नाही असं तोंडावर सांगणं, एवढी रीत गावात सगळ्यांना ठाऊक.

मग मॅडमनी मुख्य प्रश्न काढला. त्याला आमच्याकडे भारमापन म्हणतात. "या सगळ्याचं तुम्हाला ओझं वाटतं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा की नेहमी?"

मावशीचा चेहरा पडला. परक्या बाईनं घरात येऊन असं विचारावं! "आवो मॅडम, नवरा हाय. पोतं हाय व्हय वझं वाटाया?"

ओटीवर बसलेली सगळी गल्ली हसली. मॅडमही हसल्या. सरांनी 'कधीच नाही' दाबलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, कारण चेहऱ्यानंसुद्धा काही सुचवायचं नव्हतं.

"आणि तुमची स्वतःची तब्येत?"

"एकदम टकाटक."

हे बोलून मावशीनं चहाचा कप सरांच्या शेजारच्या मोकळ्या हवेला दिला. सरांना ती इकडची काही पद्धत वाटली असावी. ते थोडे सरकले आणि त्यांनी आदरानं कप घेतला.

शेवटी मॅडम काकांकडे वळल्या. संशोधनात रुग्णाचा आवाज महत्त्वाचा. "काका, मावशी नीट बघतात ना तुमच्याकडे?"

"व्हय," काका म्हणाले.

"काही त्रास होतो का तुम्हाला?"

"व्हय."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, पहिलं उत्तर घ्या, ते उत्स्फूर्त होतं.

मग शेंगापोळी झाली, मासे झाले, कारण मॅडम शाकाहारी आहेत की नाहीत हे नक्की माहीत नसल्यामुळे मावशीनं दोन्ही केलं होतं. निघताना मावशीनं मॅडमची ओटी भरली. जीपमध्ये मॅडम भारावून गेल्या होत्या. म्हणाल्या, "ग्रामीण समाजाची ही जी अंगभूत लवचिकता आहे ना, ती आपण शहरात हरवून बसलो." मी म्हटलं, "मॅडम, ती लाल चादर शेजारच्यांची होती. भांडं गोठ्यात होतं. मावशीला नीट दिसत नाही." त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. "तुझं निरीक्षण छान आहे. पण हा किस्सा झाला. आपल्याला डेटा लागतो."

संध्याकाळी मी फोनवर मावशीवर चिडले. "का असं केलंस? खरं सांगितलं असतंस तर मदतनीस आली असती, डोळा झाला असता!"

"आगं, तुजे सायब," ती म्हणाली. "त्यांच्याम्होरं रडगानं गाऊ व्हय? उद्या म्हनतील, हिच्या घरची मानसं कशी घानीत ऱ्हात्यात. तुज्या नोकरीला बट्टा. आन् घरी आलेल्या पावन्याला कुनी दुख दावतं व्हय गं?"

मी ते वहीत उतरवून घेतलं, रकाना सापडला नाही म्हणून समासात.

अहवाल निघाला. मावशीच्या गावाची नोंद 'काळजी-सक्षम गाव' अशी झाली. दिलासा सेवा शहरालगतच्या एका वस्तीला मिळाली, तिथल्या लोकांना पथकांची सवय होती आणि ते दारातच दुखणं सांगायचे. त्यांची गरज खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्यांच्या चादरी तेवढ्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. मावशीच्या गावाला प्रमाणपत्र मिळालं. सरपंचांनी ते चौकटीत घालून ग्रामपंचायतीत लावलं. मावशीला ते वाचता आलं नाही, पण तिनं काचेवरून हात फिरवून चौकट चांगली असल्याचं सांगितलं.

गाव इतकं उत्तम निघालं की मुख्य कार्यालयाला ते पुन्हा बघावंसं वाटलं. पडताळणी भेट ठरली. सोबत कॅमेरा येणार, यशोगाथा चित्रित होणार. निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं. नेमक्या त्याच आठवड्यात करमाळ्याच्या शिबिरातून मावशीला शस्त्रक्रियेसाठी सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बोलावणं आलं. डॉक्टरांनी या वेळी सांगितलं होतं की आणखी लांबवलं तर काचबिंदूची भीती आहे, मग गेलेली नजर परत येत नाही.

मी रविवारी गावाला गेले. मावशी ऐकायला तयार नव्हती. "पावनं यायचं आन् मी दवाखान्यात जाऊन निजू? आन् ह्यांना उचलायचं कुनी?"

भाभी दारातच होत्या. त्या आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काकी, मागल्या बारीला सायबाला सोडून हवंला कप दिलता तुमी. आमी बगितलं की. आता कॅमेरा येनार. कॅमेऱ्यासमोर त्या मॅडमच्या मांडीवर च्या वतायचा हाय का? ग्रामपंचायतीत गावाचं नाव लागलंय काचंत. तुमी जावा दवाखान्यात. पावन्यांचं आमी बगतो."

"ह्यांचं?"

"काका बी पावन्यांसाटीच तयार ठिवायचे की. मग?"

 मदत म्हणून भाभींनी रोज येते म्हटलं असतं, तर मावशीनं पुन्हा हात जोडले असते. पण हे पाहुण्यांचं काम होतं. पाहुण्यांच्या कामाला गल्लीला नाही म्हणता येत नाही. तिनं गोळ्यांचा डबा भाभींच्या हातात दिला.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली. मावशी काळा चष्मा लावून माझ्या खोलीत राहिली. मी डोळ्यात थेंब घालायचे आणि ती मला चपात्या जाड होतायत की नाही ते हातानं तपासून सांगायची.

आता पाहुण्यांचं. आमच्या मुख्य कार्यालयानं पाहुणचाराचा अजिबात ताण येऊ दिला नाही. ठरल्या दिवशी पुण्यात बैठक निघाली, म्हणून भेट दोन दिवस पुढं गेली. मग कॅमेरावाले दुसरीकडे गेले. मग बाहेरचं शिष्टमंडळ आलं. प्रत्येक वेळी मी भाभींना फोन करायचे, "आज नाही, बहुतेक परवा." भाभी म्हणायच्या, "काय हरकत न्हाय. काकांची आंगूळ झाली, चादर बदलली, खुर्चीत बसलेत." सकाळी टेम्पो निघायच्या आधी भाऊ येऊन काकांना उचलून खुर्चीत ठेवत, दाढी करत. दुपारी गल्लीतलं कुणी ना कुणी बसत. एकदा पाहुणे पाण्याकडे चित्रीकरण करतील अशी आवई उठली, तेव्हा भाऊंनी काकांना टेम्पोत पुढं बसवून थेट काठावर नेलं. तिथं मोटारींची रांग बघून काका इतक्या मोठ्यानं 'व्हय' म्हणाले की पाण्यातली माणसं वर बघायला लागली. भाभींनी मला हे फोनवर सांगितलं. मी फोन मावशीच्या कानाला लावला. तिनं काळा चष्मा सावरला आणि भाभींना ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचा निरोप आला, पडताळणी भेट रद्द. मॅडम परदेशात एका परिषदेला निघाल्या होत्या. विषय, ग्रामीण काळजीव्यवस्थेची लवचिकता. मी जिन्यात उभी राहून निरोप दोनदा वाचला आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. भेट ठरल्याचं गावाला कळवणं माझ्या कामाच्या यादीत होतं. रद्द झाल्याचं कळवणं कुठं लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे लिहिलेलं नसेल ते करू नये असं मॅडमनीच शिकवलं होतं.

"येत्यात का?" भाभी विचारायच्या.

"अजून काही निश्चित नाही. कधीही येऊ शकतात," मी सांगायचे. कोणत्याही कार्यालयाबद्दल हे कधीही खरंच असतं.

अशा रीतीनं, न आलेल्या पथकाच्या धाकावर, गावात दिलासा सेवा चालली. मदतनिसाला प्रशिक्षण नव्हतं, एवढाच दोष.

डॉक्टरांनी मोकळीक दिली तेव्हा मी मावशीला केमपर्यंत रेल्वेनं नेलं. स्टेशनवर भाऊ टेम्पो घेऊन उभे होते. वाटेत मावशी सगळं मोठ्यानं वाचत होती. दुकानांच्या पाट्या, पुढच्या ट्रॅक्टरच्या मागं लिहिलेलं, वाकडा झालेला मैलाचा दगड. घरी पोचल्यावर ती आधी कोपऱ्यातल्या जळमटांवर घसरली, "ह्ये कवापासनं हाय?" असं स्वतःलाच विचारून. मग काकांसमोर जाऊन उभी राहिली. काका खुर्चीत, लाल चादर धुऊन धुऊन गुलाबी झालेली, आणि काकांच्या नाकाखाली जवळजवळ काहीच नाही.

"ह्यांच्या मिशा कुनी खाल्ल्या?"

भाऊ खाली मान घालून म्हणाले, "काकी, पावन्यांसाटी समान कराया जायचो. आज ही बाजू मोठी, उद्या ती. रोज जरा जरा..."

"व्हय," काका म्हणाले.

मावशी हसायला लागली, मग डोळ्याला पाणी लावायचं नाही हे आठवून थांबली. "आन् भाभी, तुजी ईदेची चादर विटली की गं."

"विटंना का," भाभी म्हणाल्या. "पर पावनं कुटं हायत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भेट पुढं ढकललीय."

मावशीनं मला त्या नव्या डोळ्यानं न्याहाळलं. इतक्या दिवसांत प्रथमच तिला माझा चेहरा स्पष्ट दिसत होता, आणि चेहऱ्यानंसुद्धा काही सुचवायचं नाही ही शिस्त मी तोवर विसरले होते.

"किती पुढं?" तिनं विचारलं.

"लई पुढं."

मावशी वळली. गोठ्यात गेली, मेणकापड आणि भांडं घेऊन आली, आणि दोन्ही ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, उन्हात ठेवलं. भाऊ टेम्पोकडे निघाले होते. ती मागून म्हणाली,

"बाबा, उद्या सकाळी येशील तवा वस्तरा आनू नगंस. नुस्तं उचलू लागाया ये."